घरच्या पीसीसाठी एसएमपीएस: स्टिकर वाचून, हिशेब करून

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, वापरायच्या आधी उलटा करून त्याच्या स्टिकरवरचा तक्ता बघा. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेलं असतं, पण +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ ॲम्पिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे जेमतेम १९२ वॅट. बाकीची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांवर केलेली असते. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे ती बेरीज काही कामाची नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४५ ॲम्पिअरच्या आसपास आकडा असतो. दुकानात खोकं हातात आलं की पहिली नजर इथेच जायला हवी.

आता किती वॅटचा घ्यायचा ते ठरवू. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड अशी जोडी धरा. प्रोसेसरवर टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट लिहिलेला असला तरी तो ८८ वॅटपर्यंत ओढतो. कार्डाचे ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५० धरले तरी एकूण सुमारे २५५ वॅट. ग्राफिक्स कार्ड क्षणभर आपल्या मर्यादेच्या बरंच वर उडी मारतं, त्यासाठी आणि पुढच्या काही वर्षांसाठी मोकळीक ठेवली तरी दर्जेदार ५५० वॅट पुरून उरतो. दोन-तीन वर्षांत २०० वॅटचं कार्ड टाकायचा विचार असेल आणि किमतीत फार फरक नसेल तर ६५० घ्या. ८५० वॅटला दिलेले जादा पैसे या पीसीत वाया जातात. त्या पैशांत रॅम वाढवा.

एसएमपीएसवरचा ८० प्लसचा शिक्का (ब्राँझ, गोल्ड अशा श्रेणींचा) फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीपर्यंत पोचते ते. व्होल्टेज किती स्थिर आहे, आतले कॅपॅसिटर कसले आहेत, शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस वेळेत बंद होतो का, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत, निम्म्या लोडला ब्राँझ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के. ३०० वॅटच्या लोडला भिंतीतून अनुक्रमे सुमारे ३५३ आणि ३३३ वॅट जातात. रोज चार तास गेम खेळलात तर वर्षाला २९ युनिट वाचतात, दहा रुपये युनिटने तीनशेच्या आत. म्हणून केवळ वीजबिलाकडे बघून गोल्डसाठी दोन-अडीच हजार जास्त मोजू नका. गोल्डमध्ये सहसा आतली मांडणी चांगली असते, हे मात्र खरं. स्वस्त ब्राँझमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच नियंत्रित केलेले असतात. १२ व्होल्टवर लोड वाढला की १२ चे व्होल्टेज घसरते आणि ५ चे वाढते. ५ आणि ३.३ व्होल्ट वेगळे तयार करणारा, म्हणजे डीसी-टू-डीसी असलेला ब्राँझ मिळाला तर तोच खरा पैसा वसूल.

ब्रँडवर डोळे झाकून जाऊ नका. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी अगदी सुमार असते. नेमक्या मॉडेलचा सायबेनेटिक्स या एसएमपीएस तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल शोधा. तिथे २३० व्होल्टवरचे आकडेही असतात आणि पंख्याच्या आवाजाचेही. अहवाल नसेल तर वॉरंटी बघा: पाच वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर विचार करा. सेकंडहँड एसएमपीएस तर नकोच. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं. लोडवर काय होईल ते नाही.

घरी इन्व्हर्टर असेल तर एक गोष्ट आधीच तपासा. वीज गेल्यावर एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, आणि तेही पूर्ण लोड नसताना. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर नसेल तर पीसी रीस्टार्ट होणारच. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसला प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, मिळालेली बरी. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर काही एसएमपीएस बंद पडतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं असतं. तिथे एसएमपीएस बदलण्यात अर्थ नाही, आधी वायरमनला बोलवा.

जोडणी करताना जुन्या मॉड्युलर (केबली काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळा. प्लग नीट बसतो, आणि चालू करताच हार्ड डिस्क जळू शकते.