टाइप बेस क्लासचा, मेथड सबक्लासची: पीएचपीमधल्या या चुका टाळा

फंक्शनच्या पॅरामीटरला ‘रिपोर्ट’ हा बेस क्लास दिला आणि आत ‘सेटपेजसाइझ’ बोलावली, जी फक्त ‘पीडीएफरिपोर्ट’ या त्याच्या सबक्लासमध्ये आहे. पीएचपी चकार शब्द काढत नाही. आलेला ऑब्जेक्ट रिपोर्ट आहे ना, एवढंच ती पाहते. मेथड आहे की नाही हे ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत कळतच नाही. पीडीएफ येतोय तोवर सगळं सुरळीत. ‘सीएसव्हीरिपोर्ट’ हा दुसरा सबक्लास आला की ‘कॉल टू अनडिफाइन्ड मेथड’, म्हणजे अशी मेथडच नाही. शिवाय पीएचपी ७ पासून हा ‘एरर’ असतो, ‘एक्सेप्शन’ नव्हे. त्यामुळे फक्त एक्सेप्शन पकडणारा कॅच ब्लॉक इथे काहीच कामाचा नाही.

मग घाईघाईत ‘इन्स्टन्सऑफ’ची, म्हणजे ऑब्जेक्ट अमुक क्लासचा आहे का हे पाहणारी, अट टाकली जाते. एका ठिकाणी ती चालून जाते, पण नवा सबक्लास आला की अशा सगळ्या अटी शोधत फिरावं लागतं. ‘मेथड_एक्झिस्ट्स’ त्याहून फसवी: मेथड प्रायव्हेट असली तरी ती ‘आहे’ म्हणते, आणि बाहेरून केलेला कॉल पडतोच. ‘इज_कॉलेबल’ निदान व्हिजिबिलिटी बघते. पण क्लासमध्ये मॅजिक ‘कॉल’ मेथड (नसलेल्या मेथडचे कॉल झेलणारी) असेल तर तीही कशालाही हो म्हणते.

खरा प्रश्न असा की कॉल करणाऱ्याला हवंय काय? त्याला रिपोर्ट तयार करून हवाय. पानाचा आकार ही पीडीएफची खासगी बाब आहे, ती त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्येच द्या. बेस क्लासमध्ये ‘तयारकरा’ ही ॲबस्ट्रॅक्ट मेथड, म्हणजे सबक्लासने लिहायलाच हवी अशी, ठेवा आणि बाहेरून तेवढीच बोलवा. एरर जावी म्हणून बेस क्लासमध्ये रिकामी ‘सेटपेजसाइझ’ मात्र टाकू नका. सीएसव्ही ती निमूटपणे गिळेल आणि आकार का बदलत नाही हे शोधत बसावं लागेल.

काही सबक्लासनाच एखादी गोष्ट जमत असेल, तर तिचा वेगळा इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याची यादी) करा आणि पॅरामीटरला तोच टाइप द्या. बेस क्लास आणि इंटरफेस दोन्ही हवे असतील तर पीएचपी ८.१ पासून दोन्ही एकत्र मागणारे इंटरसेक्शन टाइप आहेत.

बेस क्लास स्वतःच ‘धिस’वरून (म्हणजे चालू ऑब्जेक्टवरून) सबक्लासची मेथड बोलावत असेल, तर ती ॲबस्ट्रॅक्ट म्हणून जाहीर करा.

जुन्या कोडमध्ये हे शोधायला पीएचपीस्टॅन हे कोड न चालवता तपासणारं साधन वापरा, पण किमान लेव्हल २ वर. लेव्हल ० ला नसलेल्या मेथड फक्त ‘धिस’वर तपासल्या जातात. आणि इशारा दिसला की वर ‘व्हार पीडीएफरिपोर्ट’ अशी डॉक-कमेंट लिहून तो गप्प करू नका. त्या कमेंटमुळे सीएसव्ही येणं थांबत नाही.