पहिली बॅटरी जोडण्याआधी

माझ्या पहिल्या क्वाडकॉप्टरची, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनची, एक ईएससी (मोटरीला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारं सर्किट) बॅटरी लावताक्षणी जळाली. पॉवर बोर्डावर डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, मागच्या एका हाताच्या वायरी उलट्या बसल्या होत्या. लाल मायनसला, काळी प्लसला. ती ईएससी घेऊन मी बेळगावच्या शहापुरातल्या मोटर रिवायंडिंगवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी ड्रोन कधी हातात धरला नव्हता. विचारलं एवढंच, "सिरीजला बल्ब लावून बघितलास काय रे आधी?"

नव्यानं जोडणी करणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच विचारतो. २२०० एमएएच, २५ सी ची (म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट देणारी) साधी थ्री-सेल लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी कागदावर ५५ अँपिअर देते. शॉर्ट झाला तर विचार करायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी बॅटरी दूर ठेवून मल्टीमीटरनं प्लस-मायनसमध्ये बीप येतो का बघा. सतत वाजला तर शॉर्ट आहे. मग प्लसच्या वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब सिरीजला घालून बॅटरी जोडा. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर लगेच काढा. दहा-वीस रुपयांच्या बल्बानं पुढं माझे तीन बोर्ड वाचवले.

डाग देण्यात घाई नको. बोर्डाचं तांबं उष्णता ओढून घेतं, त्यामुळं २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न जाड वायरीला पुरत नाही. मी ६० वॅटची वापरतो. वायर आणि पॅड दोन्हींना आधी वेगवेगळं शिसं लावून घ्यायचं, मग जोडायचं. डाग चकचकीत आणि वायरीवर पसरलेला हवा. वर गोळी होऊन बसला असेल तर तो हवेत सुटतो. एक्सटी-६० या बॅटरीच्या कनेक्टरला डाग देताना त्यात दुसरी जोडपिन खुपसून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात. आणि बॅटरीचा कनेक्टर बदलताना दोन्ही वायरी पक्कडीत एकदम कधीच धरू नका. पक्कडच शॉर्ट करते. एक कापा, डाग द्या, स्लीव्ह चढवा, मगच दुसरीला हात लावा.

ईएससीत स्विचिंग बीईसी (कंट्रोलरला वीज पुरवणारा भाग) असेल तर चारपैकी एकीचीच बारीक लाल वायर ड्रोनच्या कंट्रोलरला ठेवायची, बाकीच्या तिघींच्या लाल वायरींच्या पिना काढून टेप लावायची.

मोटरीच्या तीन वायरींना मात्र घाबरू नका. येळ्ळूरच्या शिवारात थ्री-फेज पंप उलटा फिरला की दोन फेजा बदलतात, तेच इथं. ईएससी बॅटरीच्या डीसीतून तीन फेजाच तयार करते. तिरक्या रेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या मोटरी एकाच दिशेनं, शेजारच्या उलट दिशेनं फिरायला हव्यात.

दुसऱ्या खेपेला मी सगळं दुकानातच नेलं. पंखे काढलेले होते. बल्ब मंदावला, मग तो बाजूला करून मी थ्रॉटल किंचित वर नेलं. मामांनी कागदाचा कपटा एकेका मोटरीला हळूच टेकवून दिशा बघितली आणि तिसरीजवळ थांबले.

"हिच्या दोन बदल."