खोडदला पोरं नेताना खिशात चिठ्ठी

नारायणगावजवळची खोडदची रेडिओ दुर्बीण (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी) विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, लोकांना बघायला मिळते. आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो, अन् दर्यापूरकडून शाळेची पोरं नेली की गर्दीत हमखास चुकामूक होते.

१. निघतानाच प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी द्या: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन, जमायची जागा, वेळ. बॉलपेननं लिहा, शाईपेनची शाई घामानं पसरते.
२. पाच पोरांमागे एक मनगटी घड्याळ.
३. सगळे फोन बंद करून गाडीतच एका पिशवीत.

फोन सायलेंट ठेवून चालत नाही, पूर्ण बंदच करा. या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी २०१६ साली मंगळावर उतरणाऱ्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश टिपला होता. चालू मोबाईलचा गोंगाट त्यांना बाधतो.