ग्रीन टी कडू होतो? पाणी दोनदा ओता

चीनचा लाँगजिंग म्हणजे हांगझोउकडचा चपट्या पानांचा ग्रीन टी, कुणी आणून दिला की आपल्या इंदुरात त्याचं पहिलं काय होतं तर पातेल्यात घालून खळखळ उकळतात, मग कडूजहर लागतो आणि डबा वर्षभर पडून राहतो. पानं चांगली असतात, पाणी जास्त गरम असतं. याला ७५-८० डिग्री पुरे, आणि थर्मामीटर नसला तरी जमतं.

१. पाणी उकळलं की गॅस बंद. ते एका रिकाम्या कपात ओता, मग दुसऱ्या कपात. दर वेळी साधारण १० डिग्री उतरतं, थंडीत जरा जास्तच.
२. काचेच्या ग्लासात दोन-एक छोटे चमचे पानं, म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास, आणि वर दीडशे-दोनशे मिली पाणी.
३. दोन मिनिटं. झाकण नको. लगेच गाळा.

पहिला घोट साखर, लिंबू, मध काही न घालता घ्या, भाजलेल्या चण्यासारखा वास आणि मागून हलका गोडवा यायला हवा. नाही आला आणि जीभ आखडली तर पुढच्या वेळी पाणी अजून एकदा ओता. पानं फेकू नका हं, त्यातच आणखी दोनदा होतो, फक्त दर वेळी थोडं जास्त थांबायचं. महाग चहा असा वसूल होतो!

एकच सांभाळा, डबा हवाबंद हवा आणि हिंग-मसाल्याच्या किंवा लौंग-शेवेच्या शेजारी अजिबात नको, ही पानं वास पटकन ओढतात.