पापणीची कातडी लाल होऊन खाजते तेव्हा: कारण कसं शोधावं, उपचार कसा करावा

पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. गालाला सहज सोसतं त्यानेही ती सुजते, सोलवटते. म्हणून मलमाच्या आधी कारण शोधायचं.

१. आधी थांबण्याची लक्षणं. नजर अंधुक होणं, डोळा हलवताना दुखणं, तापासोबत सूज, एकाच बाजूला कपाळ-पापणीवर पाण्याचे फोड (नागीण) यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

२. चांगल्या उजेडात, मोठं दाखवणाऱ्या आरशात बघा. कातडीवर बारीक कोरडे खवले आणि भरपूर खाज असेल तर बहुधा एक्झिमा (इसब), आणि त्यामागे बरेचदा अ‍ॅलर्जी. कडेला, केसांच्या मुळाशी तेलकट कोंडा असेल तर ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेचा दाह. अशा वेळी डोक्यात आणि भुवयांतही कोंडा सापडतो. केसाच्या बुडाला मेणचट बाहीसारखं वेटोळं दिसलं तर डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे. कोपर-गुडघ्यांवर जाड खवल्यांचे चट्टे असतील तर सोरायसिसचाही विचार करावा लागतो.

३. गुन्हेगार शोधा. इथेच बहुतेकांची गफलत होते: पापणीला काय लावलं तेवढंच आठवतात. नेलपॉलिश आणि कृत्रिम नखांची रसायनं बोटांवरून डोळ्याशी पोचतात, आणि बोटांची जाड कातडी मात्र ठणठणीत राहते. हेअर डाय किंवा शाम्पू असेल तर कानांच्या कडा आणि मानही बघा. थेंबांच्या औषधाचा त्रास खालच्या पापणीवर आणि तिच्याखाली ओघळाच्या वाटेने उमटतो. मेकअपचा रबरी स्पंज, पापण्यांचे केस वळवण्याच्या चिमट्यातलं निकेल, सुगंधी वाइप्स, हेही संशयित. अ‍ॅलर्जीचं पुरळ संपर्कानंतर साधारण १ ते ३ दिवसांनी येतं, त्यामुळे आज सकाळी लावलेल्या क्रीमवर आळ घेऊ नका. ‘हे तर मी वर्षानुवर्षं वापरते’ हा बचावही टिकत नाही. अ‍ॅलर्जी केव्हाही जडू शकते.

दोन आठवडे सगळी सौंदर्यप्रसाधनं बंद. डॉक्टरांनी दिलेले थेंब मात्र त्यांना विचारूनच थांबवा. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिवसातून २-३ वेळा लावा. खाजेला थंड ओली घडी.

शांत झालं की अंगावर ठेवायची एकेक वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, किमान ७ दिवस लावून बघा. धुऊन टाकायच्या वस्तू आणि हेअर डाय असे तपासू नका. पुरळ परतत राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या: संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर ४८ तास राहतात, आणि त्या काढल्यावर दोनेक दिवसांनी पाठ पुन्हा तपासून घ्यावी लागते. ती दुसरी तपासणी चुकवू नका, काही प्रतिक्रिया उशिराच उमटतात.

४. औषध. डॉक्टर बहुधा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन (सौम्य स्टेरॉइड मलम) दिवसातून एक-दोनदा, ५ ते ७ दिवस देतात. दोन्ही पापण्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढं पुरतं. सापळा असा: थांबवलं की लाली परतते, म्हणून पुन्हा लावलं जातं, आणि महिने उलटतात. कातडी विरते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. जास्त काळ उपचार लागणार असेल तर टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या मलमाबद्दल विचारा. पहिले काही दिवस ते चुरचुरतं, म्हणून लगेच सोडू नका. नियोमायसिन हे अँटिबायोटिक असलेली मलमं स्वतःच अ‍ॅलर्जी करू शकतात.

५. ब्लेफरायटिस असेल तर उलट, शेक हवा. गरम पण न भाजणारं फडकं बंद पापण्यांवर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. ते मिनिट-दोन मिनिटांत गार होतं, तेव्हा पुन्हा भिजवा. मग वरची पापणी खाली, खालची वर अशी हलक्या बोटाने कडेकडे दाबत न्या आणि केसांची मुळं ओल्या कापसाने पुसा. टी ट्री तेल थेट लावू नका, डोळा भाजतो. हाच शेक एक्झिम्याला दिला तर खाज वाढते.

एकाच पापणीचा ‘ब्लेफरायटिस’ महिनोन् महिने हटत नसेल, त्याच जागी गाठ पुन्हा येत असेल किंवा तिथले केस गळत असतील, तर बायोप्सीबद्दल (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं) विचारा. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग असाच वेश घेऊन येतो.