रिकर्शन: बेस केस बरोबर, तरी उत्तर 'नन'

रिकर्शन म्हणजे फंक्शनने (प्रोग्राममधल्या एका कामाच्या तुकड्याने) स्वतःलाच बोलावणं. त्यात बेस केस, म्हणजे जिथे थांबून थेट उत्तर द्यायचं ती पायरी, विसरू नका, हे सगळेच सांगतात. विसरलात तर पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) साधारण 1000 कॉलनंतर, म्हणजे इतक्यांदा बोलावल्यावर, स्वतःच एरर देऊन थांबतो, म्हणजे चूक लगेच कळते. मला बुडवलं ते वेगळ्याच गोष्टीने.

प्रॅक्टिकलला युक्लिडच्या पद्धतीने, म्हणजे दर वेळी भागाकाराची बाकी पुढे नेत, मसावि काढायचा होता. 48 आणि 18, मग 18 आणि 12, मग 12 आणि 6, मग 6 आणि 0. उत्तर 6. माझे आकडे बरोबर उतरत होते, पण उत्तर यायचं 'नन', म्हणजे पायथनच्या भाषेत 'काहीच नाही'. एक सीनियर म्हणाला, "बेस केसमध्ये प्रिंट टाक." टाकला, 6 दिसला, मी खूश. सरांनी तो मसावि पुढच्या बेरजेत वापरायला सांगितला आणि प्रोग्राम कोसळला. असल्या जुगाडू सीनियरांपासून चार हात लांब राहा.

फंक्शन स्वतःला बोलावत होतं, पण त्या ओळीत 'रिटर्न', म्हणजे 'बोलावणाऱ्याला उत्तर परत दे' ही सूचना, नव्हती. समजा, बाबांनी मला विचारलं, किल्ली कुठे आहे? मी दादाला विचारलं, दादाने ताईला, ताईने आईला. आई म्हणाली, फ्रिजवर. ताईने ऐकलं आणि गप्प बसली. प्रिंट म्हणजे आईचं ओरडून सांगणं: घरभर ऐकू गेलं, पण बाबांनी विचारलं होतं मला, आणि मी काहीच बोललो नाही. आईचं उत्तर ताई, दादा, मी असं तिघांनीही वर पोचवायला हवं. ओळ तिघांची एकच, त्यामुळे 'रिटर्न' एकदाच लिहावं लागतं. मला ते सापडायला दोन दिवस लागले. तुम्हालाही लागले तर डोकं कमी आहे असं समजू नका.

कागदावर चार कॉल एकाखाली एक लिहा आणि उत्तर वर चढवत न्या. व्हिडिओ नंतर बघा.

एकदा हे बसलं की रिकर्शन कुठेही दिसतं. फोल्डरातल्या फोल्डरांचा आकार मोजताना, 'मामाच्या मुलीच्या नणंदेचा दीर' म्हणताना. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने छंदांसाठी हेच केलं: 5 मात्रांच्या ओळीच्या शेवटी लघु (1 मात्रा) असेल तर आधीच्या 4 मात्रांच्या 5 रचना, गुरू (2 मात्रा) असेल तर 3 मात्रांच्या 3, एकूण 8. जगात याच आकड्यांना फिबोनाची म्हणतात.

फक्त ही व्याख्या जशीच्या तशी कोडमध्ये उतरवून 40वी संख्या मागू नका. तेच तेच पुन्हा मोजत 33 कोटींहून जास्त कॉल होतात. आधीची उत्तरं साठवून ठेवली तर काम क्षणात होतं. मी साठवली नव्हती. लॅपटॉपचा पंखा ऐकून आई बघायला आली होती.