सिंहपुच्छ माकडांच्या रानात: बेळगाव सीमाभागातून जाणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून जोगला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शिरसीला मारीकांबेचे दर्शन घ्यायचे, जोगचा म्हणजेच गिरसप्पाचा धबधबा पाहायचा आणि परतायचे, असा बहुतेकांचा बेत असतो. परंतु ज्या दरीत शरावती नदी कोसळते त्याच दरीच्या सदाहरित रानात सिंहपुच्छ माकडांचे सर्वांत उत्तरेकडचे कळप राहतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हे माकड कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांतील सह्याद्रीखेरीज पृथ्वीवर कोठेही आढळत नाही. निसर्गात उरलेल्या प्रौढ माकडांची संख्या अडीच हजारांच्या आसपासच असल्याचा अंदाज आहे. आपल्या दाराशी असलेल्या भीमगड अभयारण्यातही ते नाही. आपल्या जवळपास ते पाहायचे असेल तर शिरसी, सिद्दापूर, होन्नावर आणि सागर या तालुक्यांच्या घाटरानांतच जावे लागते, आणि तेथे कसे जावे यापेक्षा कसे वागावे याची तयारी अधिक करावी लागते.

या रानाला २०१९ साली ‘शरावती खोरे सिंहपुच्छ माकड अभयारण्य’ म्हणून एकत्रित संरक्षण मिळाले. १९७२ पासूनचे शरावती खोरे अभयारण्य, २०११ साली घोषित झालेले अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र आणि या दोहोंमधले जंगल जोडून सुमारे ९३० चौरस किलोमीटरचा सलग पट्टा तयार करण्यात आला. सलगपणाला येथे फार महत्त्व आहे, कारण हा प्राणी झाडांच्या शेंड्यांवरून चालतो, तेथेच खातो आणि तेथेच झोपतो. रान शाबूत असेल तर तो क्वचितच जमिनीवर उतरतो.

निघण्यापूर्वी ओळख पक्की करून घ्यावी. खानापूरकडच्या माणसाला लांब शेपटीचे काळतोंडे वानर आणि डोक्यावर केसांचा भांग असलेले लालसर तोंडाचे माकड ही दोन्ही रोजच्या पाहण्यातली असतात. सिंहपुच्छ माकडाचे अंग काळेभोर असते, चेहऱ्याभोवती करड्या-पांढऱ्या केसांची दाट आयाळ असते, आणि मध्यम लांबीच्या शेपटीच्या टोकाला सिंहासारखा छोटा गोंडा असतो. घाटातल्या गावांत ‘सिंगळीक’ म्हणून विचारल्यास लोकांना लगेच समजते.

जाण्याचा काळ निवडणे हा या प्रवासातला सर्वांत अवघड निर्णय आहे. जून ते सप्टेंबर येथे असा पाऊस पडतो की रानात जळवा सोसून चालणेही कठीण होते, आणि धुक्यात शेंडे दिसत नाहीत. उलट डिसेंबर ते मे हा क्यासनूर अरण्यज्वराचा, म्हणजे लोक ज्याला माकडताप म्हणतात त्याचा हंगाम. हा रोग १९५७ साली याच परिसरातील सोरब तालुक्यात प्रथम ओळखला गेला. तो गोचिडांमुळे पसरतो. पुढे गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यांतही तो पोहोचला, म्हणजे आपल्या भागालाही तो परका राहिलेला नाही. म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हाच काळ मी सुचवीन: हवा स्वच्छ असते, जोगला पाणी असते आणि गोचिडांचा जोर अजून सुरू झालेला नसतो. हिवाळ्यात जायचेच असेल तर सिद्दापूर व सागर तालुक्यांत तापाची लागण आहे का, हे तेथील आरोग्य केंद्रात विचारून मगच रानात शिरावे.

बेळगावहून हुबळीमार्गे शिरसी हा सरळ रस्ता आहे. खानापूरकरांना नंदगड, हल्याळ, यल्लापूर असाही जाता येईल आणि तो रस्ता अधिक सुंदर आहे. एसटीने जाणाऱ्यांनी शिरसीला उतरून सिद्दापूरची गाडी धरावी. मुक्काम शिरसी, सिद्दापूर किंवा जोग येथे करता येतो, सुपारीच्या बागांमधले होमस्टेही आहेत. मारीकांबेची जत्रा दर दोन वर्षांनी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते. त्या आठवड्यात शिरसीत खोली मिळण्याची आशा धरू नये.

अभयारण्यात मनाला येईल तिथून शिरता येत नाही. वनक्षेत्रपालांच्या कचेरीत ओळखपत्र दाखवून परवानगी घ्यावी आणि वनखात्याचा माणूस किंवा त्यांनी सांगितलेला स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. यात वेळ जातो, म्हणून आदल्या दिवशीच दुपारी कचेरी गाठलेली बरी. वाटाड्याला आधीच सांगून ठेवावे की आम्हाला जवळून फोटो नकोत, कळप बिथरू न देता पाहायचा आहे. असे सांगितले नाही तर तो पाहुण्यांना खूश करण्यासाठी अधिक जवळ नेण्याची शक्यता असते.

कपडे मळकट हिरवे किंवा तपकिरी असावेत, पूर्ण बाह्यांचे असावेत, आणि विजारीचे टोक मोज्यात खोचावे. दुर्बीण अवश्य घ्यावी, कारण ती नसेल तर तीस मीटर उंचीवरच्या काळ्या ठिपक्याखेरीज काही दिसणार नाही. पहाटेच निघावे. एका जागी उभे राहून आधी कान द्यावा: वारा नसताना एखादीच फांदी खाली झुकून वर येते, पाठोपाठ अर्धवट खाल्लेली फळे पाचोळ्यावर टपटप पडतात, आणि मधूनच नराची लांबवर जाणारी हाक ऐकू येते. त्या झाडाच्या बुंध्याशी जाऊ नये. बाजूला सरून, जेथून शेंडा तिरका दिसेल अशी जागा धरावी. कळप बहुधा दहा-वीस जणांचा असतो, काही ठिकाणी त्याहून मोठा. थोडा वेळ थांबल्यास माद्या गालाच्या पिशव्या भरून घेताना, सालीखालचे किडे हाताने काढताना दिसतात. माकडे तुमच्याकडे टक लावून पाहू लागली, ओरडू लागली किंवा पिल्लाला पोटाशी घेऊन सरकू लागली, की आपण मागे फिरावे. आवाज काढून बोलावणे, फ्लॅश मारणे, ड्रोन उडवणे हे पूर्ण वर्ज्य आहे.

वाट कत्तलेकान भागातून जाणार असेल तर पायांखालीही पाहावे. तेथे रानजायफळाच्या दलदली आहेत. पाण्यातून वर आलेली, गुडघ्यासारखी वाकलेली मुळे या झाडांना श्वासासाठी लागतात आणि त्यांवर पाय दिल्यास ती दुखावतात. अशी दलदल आपल्या जवळ, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथेही आहे.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट. अनेकांना हे माकड रानात नव्हे, तर जोगहून होन्नावरला उतरणाऱ्या घाटरस्त्यावर, माळेमने परिसरात दिसते. तेथे गाड्या थांबतात, केळी, बिस्किटे आणि चिप्सची पाकिटे फेकली जातात आणि कळप रस्त्याच्या कडेला येऊन बसू लागतो. ज्या प्राण्याचे सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जायचे, तो गाड्यांच्या चाकांखाली येतो. मादीला दोन-तीन वर्षांतून एखादेच पिल्लू होते. त्यामुळे रस्त्यावर मेलेल्या एका मादीची उणीव त्या कळपाला कित्येक वर्षे भरून काढता येत नाही. म्हणून या घाटात गाडी हळू चालवावी, कळप दिसला तरी थांबू नये, काच खाली करू नये आणि खाण्याचा कोणताही अंश बाहेर टाकू नये. गाडीतल्या मुलांना हे आधीच समजावून सांगावे. दुसरा कोणी खाऊ घालत असेल तर भांडण न करता शांतपणे सांगावे, आणि न ऐकल्यास पुढच्या तपासणी नाक्यावर वनखात्याला कळवावे.

रानातच विकत मिळणाऱ्या वस्तूंबाबतही थोडी जागरूकता ठेवावी. उप्पगे हे कोकमाच्या कुळातले आंबट फळ या माकडांच्या आहाराचा मोठा भाग आहे. वजन घटवण्याच्या औषधांसाठी त्याच्या सालीला मागणी वाढली, तेव्हा पिकण्यापूर्वीच फांद्या छाटून फळे नेली जाऊ लागली. सोले, म्हणजे वाळवलेल्या साली, घ्यायची असतील तर ती झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळांची आहेत का, हे विकणाऱ्याला विचारावे.

परतल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, कानांमागची जागा आणि गुडघ्याची मागची बाजू नीट तपासावी. गोचिडाची लहान अवस्था तिळाएवढीही नसते. कपडे वेगळे ठेवून कढत पाण्यात धुवावेत. रानात मेलेले वानर वा माकड दिसले असेल तर त्याच्याजवळ न जाता ठिकाण लगेच वनखात्याला कळवावे. पुढच्या दहा-बारा दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि असह्य अंगदुखी सुरू झाल्यास घरगुती उपाय करत बसू नये. बेळगावात असा रुग्ण रोज येत नाही, म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत शरावतीच्या रानातून आल्याचे सांगावे आणि गेल्याची तारीखही द्यावी.